गावाकडच्या फूटीच्या गाजलेल्या ग्रँड फायनल्स

मरेकाठी

क्रिकेटच्या धाग्यावर परवा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं, म्हणजे इथल्या भाषेत फूटीचं, गुऱ्हाळ सुरू झालं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. एमसीजीवर सप्टेंबरच्या शेवटी लाखभर लोकांसमोर होते ती एएफएलची, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगची, फायनल इथे नको, तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला गावांच्या लीगमधल्या फायनल्स हव्यात.

मी नोकरीनिमित्त ऑल्बरीत असतो. मरे नदीच्या या काठाला न्यू साउथ वेल्स, पलीकडे वोडोंगा, ते व्हिक्टोरियात. राज्यं दोन असली तरी लीग एकच, ओव्हन्स अँड मरे, १८९३ पासूनची. आमचे ऑल्बरी, नॉर्थ ऑल्बरी आणि लॅव्हिंग्टन, पलीकडचे वोडोंगा आणि रेडर्स, शिवाय यारावोंगा, मर्टलफर्ड, कोरोवा-रदरग्लेन, आणि वँगरॅटा या एकाच गावाचे दोन क्लब, मॅगपाइज आणि रोव्हर्स. गाव जेमतेम वीसेक हजारांचं आणि या दोघांची मैदानं एकमेकांना लागून. शनिवारी मैदानाच्या कडेने गाड्या तोंड आत करून लावलेल्या असतात. काच अर्धी खाली, डॅशबोर्डवर मीट पाय, आणि आपल्या टीमचा गोल झाला की सगळ्यांचे हॉर्न. पलीकडे त्याच क्लबच्या बायका-मुलींची नेटबॉल मॅच चालू.

सुरुवात मीच करतो. २०२२ ची फायनल, मॅगपाइज विरुद्ध यारावोंगा. मॅगपाइज फक्त तीन गुणांनी जिंकले. गाव रात्रभर जागं होतं. पुढच्या वर्षी चौकशी झाली, खेळाडूंना ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे दिल्याचं निघालं आणि जेतेपद काढून घेतलं. आता तुमच्या आठवणीतल्या येऊ द्या.

पुणेकर_७

वाचतोय. पण आधी एक सांगा, तीन गुणांनी जिंकले म्हणजे किती? अर्धा गोल? आणि गावच्या खेळात 'मर्यादेपेक्षा जास्त पैसे' हा काय प्रकार आहे? आमच्याकडे कबड्डीत पोरांना वडापाव मिळाला तरी भाग्य.

मरेकाठी

दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने सरळ गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबाच्या आत गेला, उंच खांबाला लागला किंवा कुणाच्या हाताला लागून आत गेला तर बिहाइंड, एक गुण. स्कोअर १३.१४ (९२) असा लिहितात: तेरा गोल, चौदा बिहाइंड, एकूण ब्याण्णव. म्हणजे तीन गुण म्हणजे खरंच अर्धा गोल. अठरा खेळाडू मैदानात, चार क्वार्टर. लाथेने आलेला चेंडू हवेत स्वच्छ झेलला की 'मार्क', मग खेळाडूला निवांत किक मिळते. बाकी बघता बघता कळतं.

पैशांचं नंतर. त्यावर इथे जुनी माणसं आहेत, ती जास्त चांगलं सांगतील.

अवंती_होबार्ट

टास्मानियाची १९६७ ची सांगितल्याशिवाय हा धागा पुढे जाऊच शकत नाही. :)

काटेकोरपणे बघितलं तर ती एका लीगची फायनल नव्हे. तेव्हा बेटावर तीन मोठ्या लीग होत्या: होबार्टची, लॉन्सेस्टनकडची आणि वायव्य किनाऱ्याची नॉर्थ वेस्ट फुटबॉल युनियन. त्यांचे विजेते राज्याच्या जेतेपदासाठी भिडायचे. ३० सप्टेंबर १९६७ ला बर्नीच्या वेस्ट पार्कवर वायव्येचा विनयार्ड आणि राजधानीचा नॉर्थ होबार्ट समोरासमोर आले. वेस्ट पार्क म्हणजे अगदी समुद्राला लागून, आणि विनयार्ड तिथून हाकेच्या अंतरावर. तेव्हा गर्दी कुणाची होती ते सांगायला नको.

शेवटच्या क्षणी विनयार्ड १३.१४ (९२), नॉर्थ होबार्ट १२.१९ (९१). एका गुणाचा फरक. आणि नॉर्थ होबार्टचा फुल फॉरवर्ड, म्हणजे गोलच्या अगदी पुढ्यात खेळणारा, डिकी कॉलिन्स याने गोलच्या तोंडाशी चेंडू झेलला. मार्क. तेवढ्यात सायरन.

गणित करून बघा. गोल झाला तर नॉर्थ होबार्ट ९७-९२ ने जिंकणार. बिहाइंड गेला तर ९२-९२ बरोबरी. पूर्ण चुकला तर विनयार्ड विजेता. तिन्ही निकाल एका किकमध्ये.

ती किक मारलीच गेली नाही. सायरन ऐकून विनयार्डवाल्यांना वाटलं संपलं, जिंकलो, आणि पब्लिक आत घुसलं. ज्यांना कळलं होतं की अजून संपलेलं नाही, त्यांनी आणखी पुढचं केलं: गोलचे खांबच धरून हलवायला सुरुवात केली आणि उपटून काढले. कॉलिन्स चेंडू घेऊन उभा, अंपायर पिलग्रिम उभे, समोर माणसांचा लोंढा आणि खांब नाहीत. शेवटी दोघांनाही तिथून बाहेर काढावं लागलं. सामना 'निकाल नाही' म्हणून जाहीर झाला. राज्याचा विजेता त्या वर्षी कुणीच नाही.

आमच्या ऑफिसात एक उत्तरेकडचे आणि एक होबार्टचे असे दोन गृहस्थ आहेत. दोघेही तेव्हा शाळकरी पोरं असतील, पण आजही चहाच्या वेळी हा विषय निघाला की कप थंड होतात.

पुणेकर_७

अरारारा. खांबच नेले?! पण सायरन झाल्यावर किक कशी काय चालते? वेळ संपली म्हणजे संपली ना.

अवंती_होबार्ट

नाही. मार्क सायरनच्या आधी पकडला असेल तर किक त्याच्या हक्काची, वेळ संपली तरी. म्हणूनच तर विनयार्डच्या चाहत्यांपैकी जाणकार जे होते ते खांबांकडे धावले.

गोट्या

थोडक्यात, नियम माहीत असणं हे दंगलीसाठीही उपयोगी. =))

खोंडकाका

मी मेलबर्नला बऱ्याच वर्षांपासून आहे आणि तिथल्या कॉलिंगवुड क्लबचा चाहता आहे, त्यामुळे दुःखाचा अनुभव दांडगा. मरेकाठी, तुम्ही पैशांचा मुद्दा माझ्यासारख्यांवर सोडलात म्हणून लिहितो. लांबेल.

१९३० साली मेलबर्नच्या मोठ्या लीगने, व्हीएफएलने (तीच पुढे एएफएल झाली), कूल्टर लॉ नावाचा नियम केला. खेळाडूला एका सामन्याचे जास्तीत जास्त तीन पौंड. हेतू चांगला होता, श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत. आकडा पुढे थोडा थोडा वाढत गेला, पण लगाम कायम राहिला. तो लगाम फक्त शहरातल्या लीगला. गावच्या क्लबांवर असं काही बंधन नव्हतं. त्यामुळे तिशीच्या आत-बाहेरचा, नाव कमावलेला खेळाडू हेरायचा, त्याला कॅप्टन-कोच म्हणून घ्यायचं, पगार द्यायचा, वर गावात नोकरी किंवा धंदा लावून द्यायचा. जत्रेच्या फडाला बाहेरून नावाजलेला पैलवान आणावा तसं. फरक इतकाच की हा पैलवान बायकामुलांसह गावातच राहायला यायचा आणि सोमवारी तुम्हाला दुकानात भेटायचा.

वँगरॅटात हे सगळ्यात ठळक दिसतं. मॅगपाइजनी कॉलिंगवुडचा मॅक होल्टन आणला आणि १९४९, ५०, ५१, ५२ अशी सलग चार जेतेपदं घेतली. (होल्टन पुढे त्याच भागातून, इंडाय मतदारसंघातून, संसदेत गेले आणि मंत्री झाले. चार फायनल जिंकून दिलेल्या माणसाला कोण पाडणार?) शेजारच्या मैदानावरच्या रोव्हर्सना हे बघवेना. त्यांनी मग कॉलिंगवुडचाच हिरा उचलला: बॉब रोज.

हे नाव नीट वाचा. क्लबचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कोपलँड ट्रॉफी चार वेळा, १९५३ च्या विजयी संघात, आणि १९५५ चा हंगाम संपला तेव्हा वय अवघं २७. आज अशा खेळाडूला एएफएलचा क्लब सोडेल का? तरी रोजने कॉलिंगवुड सोडलं. वँगरॅटात खेळाच्या सामानाचं दुकान आणि रोव्हर्सची कप्तानी. १९५८ आणि १९६० ला रोव्हर्स विजेते, या लीगमधली क्लबची पहिली दोन जेतेपदं. त्याच दोन वर्षी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं मॉरिस मेडलही रोजलाच. म्हणजे फायनल जिंकून देणारा, संघ घडवणारा आणि सगळ्यात भारी खेळणारा, तिन्ही एकच माणूस.

आता आमचं दुःख. रोज १९६४ ला कॉलिंगवुडचा कोच म्हणून परत आला. त्याच वर्षी फायनल, मेलबर्नकडून चार गुणांनी हार. १९६६ ला पुन्हा फायनल, सेंट किल्डाकडून एका गुणाने. ७४-७३. १९७० ला हाफ टाइमला ४४ गुणांची आघाडी, समोर १,२१,६९६ प्रेक्षक, आणि कार्लटनकडून दहा गुणांनी हार. गावात दोन फायनल जिंकलेला माणूस शहरात तीन हरला, तिन्हींच्या फरकाची बेरीज पंधरा. आमच्या घरात १९७० हा आकडा कुणी काढत नाही.

अवंती_होबार्ट

खोंडकाका, १९६६ च्या त्या सेंट किल्डाचा कॅप्टन कोण होता ते सांगा की. आमचा डॅरेल बॉल्डॉक! वायव्य टास्मानियाचा माणूस. त्यानेही शहर सोडलं आणि १९६९ ला वायव्येतल्याच लॅट्रोब क्लबला कॅप्टन-कोच म्हणून परतला. १९६९ ते ७२ सलग चार जेतेपदं, त्यातच १९७० ला राज्याचंही. १९६७ ला ज्या जेतेपदाचे खांब उपटले ते तीन वर्षांनी वायव्येकडे आणलं ते यानेच. नंतर तोही आमदार आणि मंत्री झाला. होल्टनचं ऐकून हसू आलं, इकडेही तोच मार्ग.

खोंडकाका

अवंतीताई, मुद्दाम टाळलं होतं. जखमेवर मीठ कशाला.

पण गंमत बघा. १९६६ ला एमसीजीवर एका बाजूला कोच म्हणून रोज, गावात जेतेपदं जिंकून आलेला. दुसऱ्या बाजूला कॅप्टन बॉल्डॉक, गावाकडून आलेला आणि तिकडेच परत जाणारा. तेव्हा गावची लीग ही खालची पायरी नव्हती. खेळाडू तिथून वर यायचे आणि भर उमेदीत परत तिकडे जायचे, कारण तिकडे पैसे बरे होते आणि मान जास्त.

मरेकाठी

काका, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही अर्धं सांगून टाकलंत. उरलेलं अर्धं असं.

पुणेकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: अलीकडे व्हिक्टोरियात गावच्या लीगना दोन लगाम आहेत. एक पॉइंट्सचा. प्रत्येक खेळाडूला तो कुठून आला, कुठे खेळला यावरून पॉइंट्स मिळतात, आपल्याच क्लबच्या ज्युनियरमधून आलेल्या पोराचे सगळ्यात कमी, एएफएलमधून आलेल्याचे भरपूर. संघाची बेरीज ठरावीक आकड्याच्या आत बसवायची. दुसरा लगाम पैशांचा, क्लबने हंगामात एकूण किती वाटायचे त्याची मर्यादा. हे दोन्ही २०१६-१७ च्या सुमाराला आले, कारण बाहेरून माणसं आणता आणता क्लब कर्जात जात होते. कँटीनच्या पायवर आणि मीट रॅफलवर (मांसाच्या सोडतीवर) चालणारे क्लब हे.

म्हणजे बॉब रोजच्या काळात लगाम शहराला होता आणि गाव मोकळं होतं, म्हणून फायनल गावाने पैशांनी जिंकली आणि त्याचा अभिमानच वाटला. २०२२ ला लगाम गावालाच होता. एकाच गावात, एकाच लीगमध्ये, तेच केलं. १९५८ ची तसबीर रोव्हर्सच्या भिंतीवर आणि मॅगपाइजचं २०२२ चं जेतेपद काढून घेतलेलं. मॅगपाइजनी नियम मोडला हे खरंच, त्यांची बाजू घेत नाही. पण 'गावची फूटी पूर्वी किती निर्मळ होती' असं कुणी म्हणायला लागलं की मला बॉब रोजचं दुकान आठवतं.

गोट्या

सगळं पैशांवर नको नेऊ रे. मी वोडोंगाला राहतो. इथे लोकांना १९९० ची फायनल आठवते, वोडोंगा विरुद्ध लॅव्हिंग्टन. जी हाणामारी झाली ती झाली, तिचा व्हिडिओ आजही सापडतो. एकाला चार लागलेत, कोण कुणाचा ते कळत नाही, ट्रेनर मंडळी पाण्याच्या बाटल्या घेऊन मधेच. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं की कोण जिंकलं, तर त्याने आधी कुणी कुणाला कुठे मारलं ते सांगितलं, मग बिअर घ्यायला उठला, आणि स्कोअर राहूनच गेला.

आणि यारावोंगाचं म्हणाल तर फेव्होला विसरलात? ब्रेंडन फेव्होला, कार्लटनचा, एएफएलमध्ये सगळ्यात जास्त गोलचं कोलमन मेडल दोनदा. मोठ्या लीगमधून भानगडी करून बाहेर पडला आणि २०१२ ला यारावोंगाला आला. २०१२, २०१३ लागोपाठ विजेते. त्याला बघायला आजूबाजूच्या गावांतून लोक यायचे. गेटवर जे पैसे जमले असतील त्यात त्याचा खर्च निघाला असणार.

मरेकाठी

म्हणजे पुन्हा पैसेच की! :D

गोट्या

...बरं. पण १९९० मध्ये पैसे नव्हते, निव्वळ गुद्दे.

खोंडकाका

रोव्हर्सचं सत्तरचं दशक राहिलं. १९७१, ७२, ७४, ७५, ७७, ७८, ७९. दहा वर्षांत सात जेतेपदं. आणि यातलं फारसं काही बाहेरून विकत आणलेलं नव्हतं, त्या काळातला कोच नेव्हिल होगनही त्यांचाच. मरेकाठींच्या सिद्धांताला इथे जरा खोट बसते. मधे १९७६ ला खोडा घातला तो गावातल्याच मॅगपाइजनी. ती एक गेली नसती तर सलग सहा झाली असती. वँगरॅटात मॅगपाइजवाल्या म्हाताऱ्यांना होल्टनची चार जेतेपदं एका बाजूला आणि १९७६ दुसऱ्या बाजूला, असं वजन करायला सांगा. काय उत्तर मिळेल ते मी पैजेवर सांगतो.

मरेकाठी

होगनचा मुद्दा मान्य. तरी घरचा माणूस जेतेपदं देतो कारण त्याच्या आधी बॉब रोजसारखा माणूस येऊन क्लब कसा चालवायचा ते दाखवून गेलेला असतो, असं माझं मत. वाद घालू, पण ऑल्बरीला या, इथे बसून घालू.

दर्यावर्दी

मंडळी, तुम्ही सगळे दक्षिणेतच घुटमळताय. मी डार्विनला आहे. वर या.

डार्विनच्या उत्तरेला समुद्रात सुमारे ऐंशी किलोमीटरवर टीवी बेटं, बाथर्स्ट आणि मेलव्हिल. दोन्ही मिळून वस्ती काही हजारांच्या आत, जवळजवळ सगळे टीवी लोक, आणि त्यांची स्वतःची लीग. तिकडे हिवाळ्यात नाही, पावसाळ्यात खेळतात, आणि ग्रँड फायनल मार्चमध्ये बाथर्स्टवरच्या वुरुमियांगाला. एरवी बेटावर जायला परवाना लागतो. फायनलच्या दिवशी लागत नाही, त्यामुळे डार्विनहून फेरी बोट भरून माणसं जातात. सकाळी आर्ट सेंटरमध्ये चित्रं आणि कोरीव खांबांची विक्री, मग फायनल.

खेळ बघताना पहिल्यांदा मला कळेना काय वेगळं आहे. मग लक्षात आलं, चेंडू फार वेळ कुणाकडे थांबतच नाही. दक्षिणेत चेंडू हातात आला की खेळाडू मान वर करून बघतो, कुणाला द्यायचा ते. इथे चेंडू यायच्या आधीच पुढचा पळत सुटलेला असतो. काही जण अनवाणी. चिखलात वाकून एका हाताने उचलला, उभं राहता राहता हँडबॉल, म्हणजे मुठीने मारलेला पास, आणि तो गेलाही. बाजूला बायका-पोरं सीमारेषेवर जवळजवळ आत. आजीबाई छत्री हलवून अंपायरला जे सुनावत होत्या ते टीवी भाषेत होतं, पण अर्थ सगळ्यांना कळला.

याच बेटांचे रिओली. मॉरिस रिओली १९८२ च्या व्हीएफएल फायनलमध्ये रिचमंडकडून, हरलेल्या बाजूचा असून नॉर्म स्मिथ मेडल, म्हणजे फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं. पुतण्या सिरिल, हॉथॉर्नकडून, २०१५ ला तेच मेडल. त्यांच्याही आधी डेव्हिड कँटिला, बाथर्स्टचा, १९६१ पासून अॅडलेडला साउथ अॅडलेडकडून खेळला. तो क्लब १९६३ ला शेवटच्या नंबरवर आणि १९६४ ला विजेता.

आणि मरेकाठी, हा तुमच्या पैशांच्या मुद्द्याच्या बरोब्बर उलटा प्रवाह. वँगरॅटा शहरातून माणसं आणायचं. टीवी बेटं माणसं पाठवतात. डार्विनच्या लीगमधला सेंट मेरीज क्लब १९५२ ला निघाला तोच डार्विनला कामाला आलेल्या टीवी पोरांना खेळायला मिळावं म्हणून.

अवंती_होबार्ट

मस्त प्रतिसाद, दर्यावर्दी. वाचनखूण साठवली.

पुणेकर_७

धागा भारी चाललाय. मला २०२२ वर अजून एक विचारायचंय. तीन गुणांनी हरलेल्या यारावोंगाच्या पोरांचं काय? मैदानात हरल्याचं दुःख आधीच भोगून झालंय, मग वर्षभराने कळतं की समोरच्याने मर्यादा ओलांडली होती. मैदानभर फेरी, कप, फोटो सगळं त्या दिवशी दुसऱ्याचं. ते कुठलं ट्रायब्युनल परत देणार?

मरेकाठी

कुणीच नाही. ते २०२३ ला स्वतः जिंकले, मैदानात, ऑल्बरीला हरवून. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत सामसूम होती आणि नदीकाठच्या रस्त्याने यारावोंगाच्या गाड्या हॉर्न वाजवत घरी चालल्या होत्या. २०२२ बद्दल मी एका यारावोंगावाल्याला विचारलं, तर म्हणाला, "ते राहू दे, यंदाचं बोल."

मॅगपाइजच्या खेळाडूंचंही वाईट वाटतं, त्यातले बरेच गावचेच, त्यांनी काही जास्तीचं घेतलेलं नसेल. पण मर्यादा ठेवायची तर शिक्षा संघालाच होणार, दुसरा उपाय मला दिसत नाही.

गोट्या

उपाय आहे. खांब उपटा. =))

वैदेही_मेलबर्न

उशिरा आले. मार्चमध्ये सुट्टी आहे, टीवीच्या फायनलला जायचंय. दर्यावर्दी, कसं करायचं? लहान मुलगा बरोबर आहे, चालेल ना?

दर्यावर्दी

चालेल. तारीख दर वर्षी बदलते, फेब्रुवारीत नक्की होते की नाही ते बघत राहा आणि जाहीर झाली की त्याच दिवशी फेरीचं बुकिंग करा, जागा पटापट जातात. बोटीला अडीच तास लागतात आणि पावसाळी समुद्र हलवतो, तेव्हा मुलाला उलटीची गोळी आधीच द्या. मुक्काम डार्विनला. टोपी, पाणी आणि रेनकोट तिन्ही घ्या, तिन्ही लागतील. दारू अजिबात नेऊ नका, बंदी आहे. चित्र घ्यायचं असेल तर मॅचच्या आधी घ्या, नंतर चांगली उरत नाहीत. आणि कुठल्या टीमला पाठिंबा ते बोटीवरच ठरवून टाका, बेटावर उतरल्या उतरल्या विचारतात.